‘सावध राहा’ म्हणजे नेमकं करायचं काय?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. कामावरून निघायला रात्रीचे दहा होतात, शेवटचा वीसेक मिनिटांचा रस्ता पायी आणि एकट्यानं. घरचे रोज बजावतात, ‘सावध राहा’. तुम्ही मनापासून प्रयत्न करता, पण पाच-सात मिनिटांत मन भलतीकडे जातं आणि दारापाशी पोचल्यावर लक्षात येतं की मधला रस्ता कसा सरला ते आठवतच नाही. ज्या दिवशी नेट लावून लक्ष ठेवता, त्या दिवशी मागून येणाऱ्या प्रत्येकाची धास्ती वाटते आणि घरी येईतो मान आखडलेली असते. ‘माझ्यात हा गुणच नाही का?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय.

मी २२ वर्षं सुरक्षेच्या कामात आहे. त्यातली पहिली नऊ एका मोठ्या इमारतीच्या नियंत्रण कक्षात, कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर गेली. त्यानंतर पहारेकऱ्यांना आणि तुमच्या-आमच्यासारख्या माणसांना शिकवत आले आहे. तेव्हा खात्रीनं सांगते, जे तुम्हाला जमत नाहीये ते कुणालाच जमत नाही. सलग दक्ष राहण्यासाठी माणसाचं डोकं घडलेलंच नाही. ‘सावध राहा’ असं म्हणताना घरच्यांची काळजी बोलत असते. करायचं काय ते त्यात कुणी सांगितलेलं नसतं. मग आपण आपल्या मनानं त्याचा अर्थ लावतो: सगळीकडे, सारखं, टक लावून बघत राहायचं. तुमच्या दोन्ही तक्रारी या एका अर्थातून आल्या आहेत.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी मोकळेपणानं सांगते. तुमचा रस्ता मी पाहिलेला नाही. तो वर्दळीचा की निर्जन, दिवे कुठवर आहेत, तुम्हाला चष्मा आहे का, ऐकू कमी येतं का, हातात सामान किती असतं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. शिवाय मी लिहितेय ते बाहेर, अनोळखी माणसाकडून होणाऱ्या त्रासापुरतं आहे. बायकांवर होणाऱ्या मारहाणीत आणि अत्याचारात ओळखीच्या माणसांचा वाटा मोठा असतो. तिथे रस्त्यावरची नजर कामाला येत नाही, वेगळी मदत लागते. आणि भान ठेवूनही काही प्रसंग टळत नाहीत. तसं घडलं तर दोष करणाऱ्याचा. ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न मी माझ्या वर्गात कुणाला कुणालाही विचारू देत नाही.

आता त्या सलग दक्षतेबद्दल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलापुढे हीच अडचण आली होती. विमानातून पाणबुड्यांचा माग काढणारे रडारवाले चांगले शिकलेले, जीव तोडून काम करणारे; तरी पडद्यावरचे ठिपके त्यांच्या नजरेतून निसटायचे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्याचा छडा लावायला एक घड्याळ तयार केलं. त्याला एकच काटा, दर सेकंदाला एक टप्पा सरकणारा. अधूनमधून तो एकदम दोन टप्पे उडी मारायचा. ती उडी दिसली की खूण करायची, बस्स एवढंच काम, पण सलग दोन तास. १९४८ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं: पहिल्या अर्ध्या तासातच नजर चुकायला लागते. आणि ही माणसं खुर्चीत बसलेली होती, दिवसभराचं काम उरकून थकून निघालेली नव्हती. आमच्या नियंत्रण कक्षातही पडद्यासमोरचा माणूस दर अर्ध्या तासानं बदलायचो. नव्या मुलांना ते लाड वाटायचे. महिनाभरात तीच मुलं अर्धा तास झाला की दाराकडे बघायला लागायची.

मग करायचं काय? लक्ष मोजकं आहे असं धरून चाला आणि ते कुठे खर्चायचं ते आधी ठरवा.

या क्षेत्रात जेफ कूपर यांचे रंग बहुतेकांना माहीत असतात. कूपर अमेरिकेच्या मरीन दलातले अधिकारी आणि नंतर प्रशिक्षक. माणसाच्या मनाच्या तयारीला त्यांनी चार रंग दिले. पांढरा म्हणजे गाफील. पिवळा म्हणजे निवांत, पण भानावर. केशरी म्हणजे एका ठरावीक गोष्टीनं लक्ष वेधलंय आणि तुम्ही तिचा अंदाज घेताय. लाल म्हणजे कृतीची वेळ. लोक यात एक चूक हमखास करतात. ‘सावध राहा’ ऐकलं की ते केशरीत जाऊन बसतात, आणि केशरीत फार वेळ कुणी राहू शकत नाही. घाम येतो, खांदे वर चढतात, सावलीतही माणूस दिसतो. तुमची आखडलेली मान हा केशरीचा मुक्काम आहे. तुम्हाला हवाय तो पिवळा, आणि पिवळ्यात ताण नसतो.

सराईत गाडी चालवणाऱ्याची नजर आठवा. तो आरशात टक लावून बघत नाही. दर थोड्या वेळानं आरसा, पुढचं वळण, बाजूची सायकल अशी नजर फिरवतो, सोबत गप्पाही मारतो. पण चौक आला की बोलणं आपोआप थांबतं, पाय ब्रेककडे जातो. चौक संपला की गप्पा पुन्हा सुरू. पायी चालणाऱ्याला हेच करायचं असतं, फक्त आपले चौक कुठले ते ठाऊक पाहिजे.

मी त्यांना सांधे म्हणते. एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना जिथे सांधा येतो ती जागा: दारातून रस्त्यावर, वाहनातून उतरून फुटपाथवर, उजेडातून अंधारात, जिन्यातून वाहनतळावर, लिफ्टच्या आत, एटीएमच्या बाहेर, स्वतःच्या दाराशी. सांध्यावर तीन गोष्टी एकदम होतात. हात कशात तरी गुंततात, नजर खाली जाते आणि डोकं आधीच्या जागेतच राहिलेलं असतं. नऊ वर्षांत मी जी चित्रणं पुन्हा पुन्हा लावून पाहिली, त्यांतल्या बहुतेक प्रसंगांची जागा सांध्यावर होती.

त्यातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. तळघरातला वाहनतळ, रात्री अकराच्या सुमारास. लिफ्टचं दार उघडतं, एक गृहस्थ बाहेर येतात. डाव्या खांद्याला पिशवी, उजव्या हातात फोन, फोनचा उजेड पूर्ण चेहऱ्यावर. समोर तिसऱ्या खांबाला एक माणूस टेकलेला आहे. गृहस्थ चालायला लागतात तसा तोही खांबापासून सुटतो, त्यांच्याच दिशेनं, पण तिरक्या रेषेत. गृहस्थ गाडीपाशी थांबतात, फोन तोच, दुसरा हात खिशात किल्ली चाचपतोय. पिशवीला हिसका बसतो तेव्हा ते पहिल्यांदा वर बघतात. लिफ्टचं दार उघडल्यापासून तिथवर १४ सेकंद. माणूस लपलेला नव्हता. लिफ्टच्या उंबऱ्यावर एकदा मान वर करून बघितलं असतं तर सरळ समोर दिसला असता, आणि लिफ्टचं दार अजून उघडंच होतं. पाऊल मागे घेण्याइतका वेळ होता.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यांत मोठा सल्ला: सांध्यावर फोन खाली, मान वर, दोन-तीन सेकंद थांबा. पुढे बघा, दोन्ही बाजूंना बघा, कानोसा घ्या, मग पाऊल टाका. मधल्या सरळ रस्त्यावर मन थोडं भटकलं तरी चालेल.

फोनचा विषय निघालाच आहे. उजळलेल्या पडद्यावरून नजर काढून अंधारात बघितलं तर पहिले काही क्षण खरोखर दिसत नाही. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो. बोलणंही साधं नसतं. अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधकांनी आवारातल्या चौकात एकचाकी सायकलवर एक विदूषक फिरवला आणि चौक ओलांडून आलेल्यांना विचारलं, विदूषक दिसला का? फोनवर बोलत आलेल्यांपैकी २५ टक्क्यांनाच तो दिसला होता. जोडीनं गप्पा मारत आलेल्यांपैकी ७१ टक्क्यांना. म्हणजे बोलणं हा दोष नाही. शेजारचा माणूस तुमच्यासोबत तोच रस्ता बघत असतो, फोनवरचा माणूस तुम्हाला दुसऱ्या जागेत घेऊन जातो. एकट्यानं चालताना कुणाशी तरी बोलत राहिलं की धीर येतो, हे मला ठाऊक आहे, आणि तो धीर मी काढून घेणार नाही. पण निघताना ‘निघतोय, अमक्या वेळेला पोचेन’ एवढं कळवा, जागा कळत राहील अशी सोय फोनवर चालू ठेवा आणि फोन आत ठेवा. पोचलात की कळवा. वेळेवर निरोप आला नाही तर समोरच्यानं काय करायचं, हेही ठरलेलं असू द्या. ते न ठरवता नुसतं ‘कळव हं’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

आता बघायचं म्हणजे काय बघायचं? नेहमीचं चित्र. तुमच्या रस्त्याला एक लय आहे. दहा वाजता कुठला दिवा लागलेला असतो, कुठे दोन-चार माणसं गप्पा मारत उभी असतात, कुठली गाडी कायम तिथेच लावलेली असते. हे ओळखीचं झालं की वेगळं काही असेल ते आपोआप खटकतं, त्याला ताण लागत नाही. नवख्या जागी हे चित्र मनात नसतं, म्हणून तिथे सांधे जास्त आणि चाल थोडी हळू.

आणि माणसांत बघायचं ते वागणं. कपडे, रंग, भाषा, गरिबी हे नाही. हे मी नुसतं भलेपणानं सांगत नाहीये. माझ्या हाताखालच्या दोन मुलांनी एकदा मळक्या कपड्यांतल्या एका माणसावर अर्धा तास पाळत ठेवली. तो कुणाची तरी वाट बघत होता. तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक जण दुसऱ्याचा लॅपटॉप काखेत मारून त्यांच्या समोरून शांतपणे निघून गेला, आणि जाताना त्या दोघांनीच त्याला दार उघडून दिलं. पूर्वग्रह अन्याय तर करतोच, वर मोजकं लक्ष चुकीच्या जागी खर्ची घालतो.

वागण्यातल्या खुणा थोड्याच आहेत. तुमच्या हालचालीला बांधलेली हालचाल: तुम्ही थांबलात की थांबणं, निघालात की निघणं. जागा मोकळी असूनही अंतर कमी करणं. काहीतरी विचारत विचारत जवळ सरकणं. तुमच्यापेक्षा आजूबाजूलाच जास्त बघणं, कुणी येतंय का ते. गप्पा मारणारे दोघं तुम्ही जवळ येताच वेगळे होऊन रस्त्याच्या दोन कडांना जाणं. आणि हात. चेहरा हवा तसा करता येतो, इजा हातानं होते, म्हणून हात दिसतात का ते बघा. यातली एकटी खूण म्हणजे काहीच नाही. घड्याळ विचारणाऱ्याला खरंच वेळ हवी असते. दोन खुणा जुळल्या की मात्र अंदाज घ्यायची वेळ झाली. कूपर यांचा केशरी तो हा, आणि तो ठरावीक माणसापुरता.

अशा वेळी जे करायचं ते स्वस्त असावं, असं मी शिकवते. स्वस्त म्हणजे, अंदाज चुकला तरी ज्यात कुणाचं काही बिघडत नाही असं. पलीकडच्या कडेला जा. थोडं पुढे जाऊन परत अलीकडे या. साधा वाटसरू दोन्ही वेळा तुमच्यासोबत ओलांडत नाही. मागच्याला पुढे जाऊ द्या. लिफ्टमध्ये शिरायचं नसेल तर शिरू नका. खरंच कुणी मागे आहे असं वाटलं तर घराकडे वळू नका, उजेड आणि माणसं असतील तिकडे वळा, आणि तिथून फोन करा.

इथे माणसं अडतात ती भीतीनं नव्हे, भिडेनं. मी हे शेकडो वेळा पाहिलंय. ‘त्याला वाईट वाटेल’, ‘मी उगाच संशय घेतेय असं दिसेल’, ‘दार उघडून धरलंय, आता नाही कसं म्हणू?’ वर्गात मी मुलींना आणि मुलांनाही उठून उभं करते आणि एकच गोष्ट मोठ्यानं म्हणायला लावते: ‘तुम्ही जा पुढे, मी थांबते.’ हसू नाही, कारण नाही, माफी नाही. पहिल्यांदा निम्म्यांचा आवाज घशातच राहतो. दहाव्या वेळी निघतो. अनोळखी माणसाला नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही, हे डोक्याला पटलेलं असतं. जिभेला सराव लागतो. तेव्हा तुम्हीही घरी आरशासमोर दहा वेळा म्हणा. मी अगदी गंभीरपणे सांगतेय.

अंतराबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली लिहिलं होतं की धडधाकट माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. दीड सेकंदात तुम्हाला बघायचं, ओळखायचं, ठरवायचं आणि हलायचं असतं. म्हणून लवकर दिसणं महत्त्वाचं आणि अंतर राखणं त्याहून. विचारणाऱ्याला उत्तर चालत्या चालत्या, लांबूनही देता येतं. आणि कुणी वस्तूच मागत असेल तर वस्तू देऊन टाका, त्याच्यापासून लांब फेका आणि उलट दिशेला निघा. पिशवीसाठी झोंबाझोंबी करू नका.

गर्दी असली की आपण सैल पडतो, त्याबद्दलही थोडं. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली केलेला एक प्रयोग आहे. खोलीत बसून एक अर्ज भरायचा, आणि भिंतीतल्या फटीतून धूर यायला लागतो. माणूस एकटा असताना ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत दोन जण निर्विकार बसवून ठेवलेले असताना फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत अर्ज भरत राहिले. तेव्हा ‘बाकीचे शांत आहेत म्हणजे काही नसेल’ हा विचार मनात आला की थोडं थबका. तेही कदाचित तुमच्याकडे बघूनच शांत असतील. मदत मागायची वेळ आली तर याच कारणानं गर्दीला हाक मारू नका, एकाला मारा: ‘निळा शर्ट घातलेले दादा, हा माणूस माझ्या मागे लागलाय, माझ्याजवळ थांबा.’ बोट दाखवून, डोळ्यांत बघून. एकाला हाक गेली की त्याला अंग काढून घेता येत नाही.

बघणं जितकं महत्त्वाचं तितकंच सोडणंही. मागून पावलं ऐकू आली, वळून बघितलं, कुत्रा फिरवणारे आजोबा आहेत. झालं, सोडून द्या. वळून बघायला लाजून नुसतं कानानं ताणत राहिलात तर ती पावलं घरापर्यंत डोक्यात वाजत राहतात. ज्यांना भीती फार वाटते ती माणसं खरं तर कमी बघतात. नजर खाली, चाल घाईची. सरळ मान वळवून बघा. कुणाकडे क्षणभर बघणं हा अपमान नाही, आणि ‘मी तुला पाहिलंय’ हे समोरच्याला कळणंही बरं असतं. पण मागे काही वाईट घडून गेलं असेल, दारं-खिडक्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागत असतील, झोप उडाली असेल, तर तो सरावाचा प्रश्न नाही. समुपदेशकाला भेटा. अशा माणसाला आणखी सावध व्हायला शिकवणं म्हणजे त्याच्या दुखण्यात भर घालणं आहे.

सरावाची रीत सांगते. ब्रिटनमध्ये पोलीस चालकांना शिकवताना जे दिसतंय ते मोठ्यानं बोलत गाडी चालवायला लावतात. तेच तुम्ही पायी करा, पुटपुटत, रोज फक्त एक मिनिट: ‘डावीकडे उघडं फाटक, पुढे दोघं जण माझ्याकडे पाठ करून, पुढचा दिवा बंद, मागे कुणी नाही.’ बोललं की बघावंच लागतं. मिनिट संपलं की थांबा. कुठेही जाऊन बसलात की बाहेर पडायच्या दोन वाटा शोधा, त्याला पाच सेकंद लागतात.

हे सगळं एकदम सुरू करू नका, आठवड्याभरात सुटेल. पहिला आठवडा फक्त घराच्या दाराचा. किल्ली दाराशी शोधायची नाही, शेवटच्या वळणाआधी हातात. दाराशी पोचलात की आधी पाठीमागे एक नजर, मग कुलपाकडे. आत शिरलात की लगेच कडी. दुसऱ्या आठवड्यात उतरण्याची जागा घ्या: फोन उतरण्याआधी आत, उतरल्यावर दोन पावलं बाजूला होऊन थांबायचं, सोबत उतरलेल्यांना पांगू द्यायचं, कोण पांगलं नाही ते बघायचं आणि मग चालायला लागायचं. तिसऱ्या आठवड्यात तुमच्या वीस मिनिटांत उजेड जिथे संपतो ती जागा. तीन आठवड्यांनंतरही मधल्या रस्त्यावर मन भलतीकडे गेलं तर जाऊ द्या, सांधा आला की ते परत येतं का एवढंच तपासा. येत नसेल तर रस्त्याचं वर्णन मला लिहून कळवा, वळणं, दिवे आणि बंद दुकानांसकट. तुमचे सांधे कुठे निसटताहेत ते आपण मिळून शोधू.